भरतीची पाऊणपट आणि पोफळीची विरी: कुटुंबाने एकत्र करून पाहायच्या विज्ञानाविषयी

देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका प्राथमिक शाळेतील शिक्षिकेने विचारले आहे की, करून पाहण्याच्या विज्ञानात आणि अभियांत्रिकीत मुलांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही कसे सामील करून घ्यावे. गेल्या वर्षी त्यांनी पालकांना बोलावले, तेव्हा आया भिंतीला टेकून बसून राहिल्या, वडील फारसे आलेच नाहीत आणि जे आले त्यांनी मुलांच्या हातातील काम स्वतःच उरकून टाकले. तयार संच विकत घेण्याइतके पैसे शाळेकडे नाहीत.

आपण सांगितलेल्या या तक्रारी मला वेगवेगळ्या वाटत नाहीत. जे काम निवडले जाते त्यात बहुधा एकाच माणसाच्या हातांना जागा असते आणि त्याचे उत्तर कुणाला तरी आधीच ठाऊक असते. मग ज्याला ते येते तो पुढे सरसावतो, ज्याला येत नाही तो मागे सरकतो, आणि मूल दोघांच्या मध्ये उभे राहते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील गावांत गेली बावीस वर्षे मी अशा बैठका घेत आले आहे. त्यातून माझे एकच मत पक्के झाले आहे: निवडलेल्या कामात घरातील मोठ्यांना काहीतरी खरोखर ठाऊक असावे, मुलांना त्याहून वेगळे काहीतरी ठाऊक असावे, आणि शेवटचे उत्तर मात्र त्या दिवशी मोजून पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येऊ नये. बाकीच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात.

माझ्या पहिल्या मेळाव्यात मी नेमके याच्या उलट केले होते. विजेच्या छोट्या मोटारींचे तयार संच आणले आणि प्रत्येक कुटुंबाला एक याप्रमाणे वाटले. अर्ध्या तासात सगळ्या मोटारी फिरू लागल्या, परंतु त्या फिरवल्या होत्या वडिलांनी आणि मामांनी. मुले रिकामी खोकी धरून उभी होती, आया चहाच्या तयारीला लागल्या होत्या. संच सदोष नव्हते. त्या खोक्यात आमच्या गावातील कोणत्याही घराचे ज्ञान नव्हते, आणि ते खोके निवडण्यात माझी चूक झाली होती.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन शहरी लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयी फार मोलाचे काम केले असून ते १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी पाठवले. उपदेश करायला नव्हे, शिकायला. शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार यांतील केवढे ज्ञान त्या घरांत साठलेले आहे आणि शाळेला त्याचा पत्ताही नाही, हे त्या भेटींतून दिसले. कोकणात तर हा साठा उघड्यावर पडलेला आहे. होडी कशी कलंडते, विहीर कधी आटते, जांभ्याचा चिरा पाणी किती पितो, आंबोळीचे पीठ कोणत्या हवेत किती वेळात फुगते, हे आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी रोजचे आहे. म्हणून पहिल्या बैठकीआधी आपण निदान सात-आठ घरी जावे, वही न काढता बसावे आणि "हे तुम्हांला कसे कळते?" एवढेच विचारावे. कामांची यादी तिथेच तयार होते.

अशा कामाचा मला सर्वांत आवडणारा नमुना म्हणजे भरतीची वेळ.

किनाऱ्यावरील जुन्या माणसांकडे भरतीची वेळ काढण्याची एक रीत असते. अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावर जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आजोबांना ही रीत पाठ असते, नातवाला घड्याळ आणि आकडेमोड येते, आणि कालवे किंवा तिसऱ्या हे शिंपले काढायला जाणाऱ्या आईला सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ दोघांपेक्षाही अचूक माहीत असते, कारण तिचे काम त्या दोन-अडीच तासांतच उरकायचे असते. हे तीन प्रकारचे ज्ञान एकाच बांबूपाशी एकत्र आणायचे.

प्रत्येक कुटुंबाने दोन मीटरचा सरळ बांबू घ्यावा आणि त्यावर दर दहा सेंटिमीटरला आलटून पालटून दोन रंगांचे पट्टे ओढावेत. हा बांबू खाडीतील धक्क्याच्या कडेला बांधावा. उघड्या किनाऱ्यावर तो लावू नये, कारण लाटांमुळे पाण्याची पातळी वाचताच येत नाही. कुटुंबाने आपला अंदाज आधी कागदावर लिहावा, त्याखाली सही किंवा अंगठा करावा, आणि मगच मोजायला बसावे. इथे एक अडचण हमखास येते. पूर्ण भरतीच्या सुमारास पाणी बराच वेळ जागेवर थांबल्यासारखे दिसते, त्यामुळे नेमका माथा कधी आला हे कळत नाही आणि वाद सुरू होतात. तो वाद होऊ द्यावा. थोड्या वेळाने सुचवावे की, पाणी चढताना एका पट्ट्यावर केव्हा पोहोचले आणि उतरताना त्याच पट्ट्यावर केव्हा आले, या दोन वेळा लिहा आणि त्यांचा मध्य काढा. हे सुचल्यावर मोठ्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो मुलांपेक्षा कमी नसतो.

मोजणी झाल्यावर बहुतेक वेळा पाऊणपटीचे उत्तर आणि बांबूचे उत्तर जुळत नाही. याचे कारण मुलांना स्वतः काढता येते. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत तीस तिथी होतात आणि तेवढ्या अवधीत भरतीची वेळ पूर्ण २४ तास पुढे सरकते. २४ तासांची १४४० मिनिटे होतात. तिसाने भागले की प्रत्येक तिथीला ४८ मिनिटे येतात. पाऊणपटीत आपण ४५ मिनिटे धरतो. प्रत्येक तिथीला तीन मिनिटे मागे राहिली, म्हणजे अष्टमीपर्यंत २४ मिनिटांचा फरक पडला. पंधरा तिथींचा हिशेब ४८ ने केला तर बरोबर ७२० मिनिटे, म्हणजे बारा तास होतात, आणि म्हणूनच पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. शिवाय ४८ हीदेखील सरासरीच आहे: उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती त्यापेक्षा कमी उशिरा येते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, जास्त. पौर्णिमेची भरती नेमकी बारालाच येईल असेही नाही; प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी ती लांबते. त्यामुळे दोन-तीन पौर्णिमांच्या मोजणीतून "आपल्या गावाचा आकडा" शोधणे हे सगळ्या कुटुंबांचे सामाईक काम होऊन बसते.

या ठिकाणी आपली भूमिका फार नाजूक असते. आजोबांची रीत चुकीची ठरली असे एखादे मूल पटकन बोलून जाते. तसे झाल्यास आजोबांनाच विचारावे की, होडी पाण्यात लोटायला अर्ध्या तासाची चूक चालते का. ते सांगतात की चालते, आणि तोंडी करता येईल असा हिशेब दर्यावर घड्याळापेक्षा जास्त उपयोगी पडतो. कोणत्या कामाला किती अचूकता पुरते हा अभियांत्रिकीतील मूळ प्रश्न आहे, आणि तो पाठ्यपुस्तकापेक्षा इथे अधिक स्पष्ट होतो. मालवणजवळच्या एका गावात, दोन बैठकांत एक शब्दही न बोललेल्या एका बाईंनी तिसऱ्या बैठकीत सर्वांना थांबवून सांगितले, "भरती कित्याक बघतास? सुकती बघा, खडपार खूण गावता." त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. खडकावर पाणी कुठवर उतरले याची खूण करून ठेवता येते आणि ती उद्याच्या खुणेशी ताडून पाहता येते. त्या दिवसापासून आमच्या बैठकीत दोन्ही वेळा मोजल्या जातात.

होडीचे काम लहान मुलांच्या कुटुंबांसाठी अधिक सोयीचे आहे, कारण ते एका टोपात किंवा घमेल्यात होते. पोफळीच्या झावळीचा रुंद देठ, ज्याला आपल्याकडे विरी म्हणतात, तो दोन्ही टोकांना दुमडून काडीने टाचला की होडी तयार होते. तीत काजूच्या सुक्या बिया भरत जायचे आणि बुडेपर्यंत मोजायचे. आधी अंदाज, मग बिया. वीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद आणि चार खोल अशी चौकोनी होडी धरली तर तिचे घनफळ १२०० घन सेंटिमीटर भरते, म्हणजे काठापर्यंत बुडताना ती १२०० ग्रॅम गोडे पाणी बाजूला सारते. तिच्या स्वतःच्या वजनासह एवढाच भार ती पेलू शकते. विरीच्या होडीला गोलाई असल्यामुळे प्रत्यक्षात बिया कमी मावतात. किती कमी, यावरूनच आकाराची चर्चा सुरू होते. मात्र बहुतेक होड्या भाराने बुडत नाहीत. त्या आधीच कलंडतात. मग एखादा मच्छीमार बाप न राहवून म्हणतो की, हिला उलांडी, म्हणजे बाजूला जोडलेला तरंगता आधार, हवी. हाच तो क्षण. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, तुकडा आणि दोन काड्या द्याव्यात आणि उलांडी किती लांब ठेवायची हे त्याने सांगावे, मुलाने बांधावे. जवळ ठेवली तर आधार अपुरा पडतो, फार लांब ठेवली तर काड्या वाकतात. यातील योग्य अंतर मला आजही आधी सांगता येत नाही, कारण ते प्रत्येक होडीचे वेगळे असते.

दोरीचा प्रयोग दहा मिनिटांचा आहे, पण बैठकीच्या सुरुवातीला तो करावा, कारण तो लाजऱ्या माणसांना उठवतो. दोन धडधाकट माणसांनी हातात आडवे दांडे धरून समोरासमोर उभे राहायचे. एक दोरी एका दांड्याला बांधून दोन्ही दांड्यांभोवती चार वेढे द्यायचे आणि मोकळे टोक एका सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हाती द्यायचे. दोघांनी दांडे दूर ओढून धरायचे आणि मुलीने दोरी ओढायची. दांडे जवळ येतात आणि त्या दोन माणसांना ते थोपवता येत नाहीत. चार वेढ्यांमुळे दोरीचे सुमारे आठ पदर दांड्यांना जवळ ओढत असतात. ओढ तितक्या पट वाढते आणि त्या बदल्यात मुलीला दोरीही तितक्याच पट लांब ओढावी लागते. आता हेच काथ्याच्या सुंभाने करून पाहावे. सुंभ दांड्याला इतका घासतो की मुलीची ओढ शेवटच्या पदरापर्यंत पोहोचतच नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या घरातील माणसांना दोर हाताने ओळखता येतो. त्यांनी नायलॉन, सुंभ आणि ओला सुंभ यांतील फरक सांगावा आणि मुलांनी ताणकाट्याने (ओढ मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याने) तो मोजावा. विहिरीवरचा एका चाकाचा साधा रहाट ओझे हलके करत नाही, फक्त ओढण्याची दिशा सोयीची करतो, हेही इथेच दाखवून द्यावे. पुष्कळ मोठ्या माणसांना ते नवीन असते.

आता मोठ्यांनी काम हिसकावण्याविषयी. त्यांना "मध्ये पडू नका" असे सांगून काही साधत नाही. त्यांना त्यांचे स्वतःचे काम द्यावे लागते. कात्री, हातोडी आणि दोरी मुलाकडे. घड्याळ, मोजपट्टी आणि अंदाजाचा कागद मोठ्यांकडे. साहित्य दोन वेळा पुरेल इतके ठेवावे, म्हणजे ज्या बापाला स्वतःची होडी केल्याशिवाय चैन पडत नाही त्याला ती करता येते आणि मुलाची होडी शाबूत राहते. मोठ्यांना तीनच प्रश्न शिकवावेत: तुला काय वाटते, का वाटते, आणि ते कसे तपासायचे. फिलाडेल्फिया आणि कॅमडेन येथील चार संस्थांनी १९९० च्या दशकात कुटुंबे एकत्र कशी शिकतात याचा अभ्यास केला होता. त्यांच्या निष्कर्षांतील काही गोष्टी मला आपल्या परिस्थितीत अगदी लागू पडताना दिसतात: मांडणीभोवती कुटुंबाला सर्व बाजूंनी उभे राहता आले पाहिजे, एकाच वेळी अनेकांचे हात त्यात गेले पाहिजेत, मूल आणि मोठा माणूस दोघांनाही ती सोयीने हाताळता आली पाहिजे आणि तिचे फलित एकच ठरलेले नसावे. म्हणून बाक भिंतीला लावून ठेवू नयेत. घमेले अंगणाच्या मध्यावर ठेवावे.

मुलींविषयी वेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते. कॅलिफोर्नियातील एका बालसंग्रहालयात केव्हिन क्राउली, मॉरीन कॅलनन आणि सहकाऱ्यांनी पालकांचे मुलांशी होणारे बोलणे नोंदवले होते. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. उपकरण कसे वापरायचे हे पालक मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखेच सांगत होते, परंतु त्यामागचे विज्ञान समजावून सांगण्याचे प्रमाण मुलांच्या बाबतीत मुलींच्या तिप्पट होते. हे पालक वाईट हेतूचे नव्हते, आपल्याकडचेही नसतात. तरीही हातोडी मुलाकडे आणि झाडू मुलीकडे जाताना मी दर बैठकीत पाहते. यावर माझा उपाय साधा आहे. कोणते साधन कुणाकडे जाईल हे चिठ्ठी काढून ठरवावे, आणि "असे का झाले?" हा प्रश्न आपण स्वतः प्रत्येक मुलीला, तिच्या आईवडिलांच्या देखत, विचारावा.

बोलीविषयी थोडेसे. अंदाजाचा कागद मालवणीत, संगमेश्वरीत किंवा घरी जी भाषा असेल तीत लिहू द्यावा. शुद्धलेखन तपासू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूचना चित्रांनी द्याव्यात किंवा एकदा करून दाखवाव्यात.

वडील का आले नाहीत याचे उत्तर बहुधा आपल्या तारखेत सापडेल. फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला जोडून मेळावा घेण्याची शाळांची पद्धत आहे, पण देवगडसारख्या हापूसच्या भागात तेव्हापासून पुढे मे संपेपर्यंत बागायतदाराला आणि त्याच्याकडील गड्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. जुलैत लावणी असते, ऑक्टोबरात कापणी. मच्छीमार घरांचे गणित वेगळे आहे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि जाळी विणण्याचे काम ओटीवर चालते, तेव्हा हीच माणसे निवांत भेटतात. म्हणून एकच मोठा मेळावा घेण्याऐवजी वर्षात चार लहान बैठका घ्याव्यात आणि प्रत्येक बैठक वेगळ्या घरांच्या सोयीने ठेवावी. गावात मुस्लिम कुटुंबे असतील तर शुक्रवारची दुपार आणि रमजानचा महिना टाळावा. गणपतीत चाकरमानी येतात आणि घर भरलेले असते. आरतीनंतर ओटीवर दोरीचा प्रयोग फार रंगतो, मात्र त्या दिवसांत याहून मोठे काही करू नये.

सुरक्षिततेबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. पावसाळ्यात कोणतेही काम समुद्रकिनारी किंवा वाहत्या व्हाळाजवळ (ओढ्याजवळ) नको. पाणी साठलेल्या चिरेखाणीजवळ तर कोणत्याही ऋतूत नको, कारण तिच्या भिंती उभ्या असतात आणि खोली वरून कळत नाही. धक्क्यावर प्रत्येक मुलामागे घरातील एक मोठे माणूस असलेच पाहिजे. ज्याचे कुणी आले नाही त्या मुलाला आपल्या कुटुंबात घेणारे घर आधीच ठरवावे. काजूच्या बिया होडीत भरायला वापराव्यात, पण त्या फोडू किंवा भाजू देऊ नयेत, कारण टरफलातील तेलाने कातडी भाजते.

खर्चाचा प्रश्न आपोआप सुटतो. बांबू, विरी, सोप, सुंभ आणि बिया घरोघरी असतात. रंगाचा डबा, नायलॉनची दोरी आणि ताणकाटा एवढेच विकत आणावे लागते.

शेवटी एक काम असे द्यावे जे बैठकीनंतर घरी चालू राहील. मी विहिरीची चोपडी देते. दर रविवारी सकाळी, पाणी भरण्याआधी, विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत किती अंतर आहे ते दगड बांधलेल्या दोरीने मोजायचे आणि लिहायचे. दोरी सोडायची ती मोठ्या माणसाने, आकडा लिहायचा तो मुलाने. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशेबाने पन्नास चौरस मीटर जमीन झाकणाऱ्या कौलारू छपरावर वर्षभरात दीड लाख लिटर पाणी पडते. तरीही कित्येक वाड्यांतील विहिरी मार्च-एप्रिलमध्ये तळ गाठतात, कारण सच्छिद्र जांभा पाणी जसे झटकन आत घेतो तसे ते उतारावरून सोडूनही देतो. गणपतीपासून शिमग्यापर्यंतचे आकडे कागदावर मांडले की कोणत्या आठवड्यापासून पाणी झपाट्याने उतरते हे रेषेवरून दिसते, आणि वनराई बंधारा, म्हणजे भरलेल्या गोणींचा तात्पुरता बांध, व्हाळावर कधी घालावा याची चर्चा त्या घरात सुरू होते. रत्नागिरीकडच्या एका वाडीत तीन घरांनी आपल्या चोपड्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा व्हाळाच्या सर्वांत जवळच्या विहिरीचे पाणी सर्वांत उशिरा उतरत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढच्या वर्षी बंधाऱ्याच्या गोणी भरायला त्यांनी दिवाळीनंतरचा पहिलाच रविवार धरला. चोपडी शाळेत जमा करून घेऊ नका. ती त्या घरी, विहिरीकडे जाणाऱ्या दाराशी खिळ्याला टांगलेली असू द्या.